वीतकाकांची चार बोटे

नव्याने विकत घेतलेली आणि जमिनीपासून जेमतेम चार बोटे उंच असलेली मोटारगाडी चिंचवडहून डोंबिवलीला चालवत आणावी की ट्रकवर चढवून आणावी, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले. प्रश्न माझा नव्हता. तो आमच्या शेजारच्या वीतकाकांचा होता. परंतु तीस वर्षे शाळेत गणित शिकवल्यामुळे, समोर प्रश्न आला की त्याखाली रेघ मारून 'उत्तर' हा शब्द लिहिल्याशिवाय मला स्वस्थ वाटत नाही. या प्रश्नाखाली मी तशी रेघ मारली, आणि रेघेखाली उत्तराच्या जागी वीतकाकाच येऊन बसले. तेव्हा आधी त्यांच्याविषयी सांगणे क्रमप्राप्त आहे.

कोणतीही वस्तू पाहिली की वीतकाका तिच्यावर हात पसरत. अंगठ्याचे टोक एका कडेला, करंगळीचे टोक दुसरीकडे, मग करंगळी जिथे टेकली तिथे अंगठा, असे करत त्यांचा हात एखाद्या सुरवंटासारखा टेबलावरून, भिंतीवरून, दुधीभोपळ्यावरून चालत जाई. उरलेला भाग ते बोटांनी मोजत. "तीन वीत, दोन बोटं," असा निकाल ते जाहीर करत आणि तो कोणी मागितलेला असलाच पाहिजे, अशी त्यांची अट नसे. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी माझ्या दिवाणाची लांबी मोजली आणि, "बाई, तुमच्याकडे सव्वानऊ वितींच्या वरचा पाहुणा मुक्कामाला ठेवू नका," असा सल्ला दिला. माझे विद्यार्थी, शेजारी आणि वाणी असे सगळेच मला बाई म्हणतात; वीतकाका माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे असूनही बाईच म्हणत.

हा मनुष्य अडाणी होता असे कोणी समजू नये. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते आयुष्यभर आरेखक होते. मोटारींच्या यंत्रांतल्या दंतचक्रांची चित्रे ते काढत आणि त्यांत केसाच्या जाडीइतकीही चूक चालत नसे. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी आपल्या सगळ्या पट्ट्या, कंपास आणि टेप कारखान्यातच ठेवल्या. "चाळीस वर्षं मी मिलिमीटरकडे नोकरी केली," ते म्हणाले, "आता मी त्याला ओळख दाखवणार नाही." टेप हरवते, हात हरवत नाही, हे त्यांचे दुसरे म्हणणे. तिसरे म्हणणे असे, की माप हे माणसाच्या अंगचे असावे, उसने नसावे. या तिसऱ्या म्हणण्याशी माझे मतभेद होते आणि ते मी वेळोवेळी नोंदवत असे.

माझे नवे कपाट आले तो प्रसंग उदाहरणादाखल देते. लिफ्टच्या आतली रुंदी काकांनी मोजली, कपाटाची मोजली, आणि अर्धी वीत जागा शिल्लक राहते असे हमालांना सांगून ते स्वतः कपाटाबरोबर लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. कपाट भिंतींत घट्ट बसले होते आणि काका कपाटामागे. वीस मिनिटांनी त्यांना बाहेर काढले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "कपाट बरोबर आहे. लिफ्ट आक्रसली." त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, हे ऐकून माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत? साडी घ्यायला गेलं की हा माणूस दुकानदाराच्या मीटरपट्टीला वीत लावून बघतो. मीटर बरोबर आहे का म्हणून!"

आता गाडीकडे वळू. एका दुपारी काकूंकडे मेथी निवडायला बसले असताना त्यांनी मला सांगितले, की काकांना काचबिंदू झाला आहे. "डॉक्टर म्हणाले, बाजूचं दिसणं हळूहळू कमी होत जाणार. आत्ता दिवसा गाडी चालवा, अंधार पडल्यावर नको. मार्चअखेर परवाना संपतोय, तो पुन्हा काढायला मी सही देणार नाही, असंही म्हणाले." काकूंनी एक काडी मोडली. "दुसरा कोणी असता तर देवाचं नाव घेत घरी आला असता. आमचे हे घरी आले आणि गाडी बघायला लागले. साधी नाही हो. ती बसकी, लाल, दोन माणसांची. शर्यतीत असतात तसली."

"का?" मी विचारले.

"मीही तेच विचारलं. म्हणतात, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे दात काढले, एकदा हसून बघतो."

खर्चाचा भाग उभयतांनी आपसांत मिटवला होता. तो या लेखाच्या कक्षेबाहेर आहे. चिंचवडच्या एका गृहस्थांची वापरलेली, परदेशी बनावटीची गाडी ठरली. जानेवारी चालू होता. मार्चअखेरीपर्यंत काकांना ती चालवता येणार होती, आणि आमच्या भागात अशी गाडी कशी चालते हे इथल्या वाचकाला सांगायला नको. चिंचवडपासून शीळफाट्यापर्यंतचा मोठा रस्ता, एवढाच काय तो तिच्या योग्यतेचा रस्ता काकांच्या वाट्याला येणार होता, आणि तोही घरी आणताना, एकदाच. गाडी ट्रकवर चढवली असती तर तो ट्रकच्या वाट्याला गेला असता. काका हे कोणाला बोलून दाखवत नसत. पण ट्रकचे नाव निघाले की ते खिडकीशी जाऊन उभे राहत.

अडचण उंचीची होती. गाडीचे पोट रस्त्यापासून किती वर आहे, असे काकांनी विक्रेत्याला फोनवर विचारले. "चार बोटं आहे की!" असे उत्तर आले. काका खूश झाले. मोटार विकणाऱ्या माणसाकडून इतके शुद्ध माप मिळेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

"त्यांना सेंटिमीटरमध्ये विचारा," मी म्हटले.

"बाई, तो माणूस मराठी बोलतोय, मी मराठी बोलतोय. मध्ये फ्रेंच माप कशाला?"

मी माझी फूटपट्टी आणून काकांची चार बोटे मोजली. ती सात सेंटिमीटर भरली. मग प्रश्न असा मांडला: शीळफाट्यापासून आमच्या इमारतीपर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकाची उंची सात सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर गाडी चालवत आणता येईल; एकाचीही अधिक असेल तर येणार नाही. मांडणी निर्दोष होती. पुढे जे चुकले ते मांडणीत चुकले नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघे रिक्षाने शीळफाट्याला गेलो आणि तिथून गतिरोधक मोजत परत निघालो. काम वाटून घेतले होते. काका रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून गतिरोधकाला बोटे लावत. मी त्यांच्या मागे लाल छत्री उघडून उभी राहत असे, म्हणजे वाहने बाजूने जात, आणि दुसऱ्या हाताने वहीत नोंद करत असे. खड्ड्यांची उंची ऋण धरावी, असेही आम्ही ठरवले होते. चौथ्या गतिरोधकापाशी वाहतूक पोलीस आला.

"काय काका, काय हरवलं?"

"हरवलं नाही. सापडतंय," काका मान वर न करता म्हणाले. "बाई, लिहा. पाच बोटं."

सहाव्यापाशी एका खिडकीतून एक बाई ओरडल्या, "ओ मॅडम, तुम्ही सर्वेवाले का? ह्या झाडाची फांदी आमच्या खिडकीत येते, ते पण लिहा ना!" मी सांगून पाहिले की आमचा विषय वेगळा आहे. त्या म्हणाल्या, "लिहायला काय जातंय? वही हातात आहेच तुमच्या." मुद्दा बरोबर होता. मी लिहिले. त्या वहीत सातव्या गतिरोधकाच्या आधी आजही 'फांदी, दुसरा मजला' अशी नोंद आहे.

दुपारी घरी पोचलो तेव्हा नोंद पूर्ण होती. गतिरोधक सतरा. सोळांची उंची पाच ते साडेपाच बोटे. सतरावा, म्हणजे सर्वांत उंच, आमच्याच इमारतीच्या फाटकातला. तो सात बोटे होता आणि तो काकांनीच करवून घेतला होता. सोसायटीचे सचिव असताना त्यांनी गवंड्याला फोनवर सांगितले होते, "अर्धी वीत उंच कर." काकांची अर्धी वीत म्हणजे साडेपाच बोटे. गवंडी आडदांड होता. त्याने आपल्या हाताची अर्धी वीत केली. ही गोष्ट मी त्या दिवशी वहीत लिहूनही ठेवली. तिच्यातून जो निष्कर्ष काढायला हवा होता, तो मात्र काढायचा राहिला. पाचवीतल्या मुलाने असे केले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

चार बोटांची गाडी पाच बोटांवरून जात नाही. ट्रक ठरला. सर्जेराव नावाचा, गाड्या वाहून नेणारा एक ट्रकवाला कळंबोलीहून परस्पर चिंचवडला येईल, असे ठरले. वीतकाकांनी "ठीक आहे" म्हटले आणि हात खिशात घातले. पुढचे आठ दिवस त्यांनी काहीही मोजले नाही. काकूंनी मुद्दाम भला मोठा पडवळ आणून ओट्यावर लांबलचक पसरून ठेवला. ते त्याच्या बाजूने निघून गेले. तेव्हा काकू मला म्हणाल्या, "बाई, हे काही खरं नाही."

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघे सकाळच्या बसने चिंचवडला गेलो. काका आणि काकू मालक म्हणून, मी मोजमापाच्या बाजूने. सर्जेराव ट्रक घेऊन आधीच पोचला होता आणि लोखंडी उताराच्या दोन पट्ट्या सोडून बसला होता. गाडी अंगणात होती. ती इतकी लाल होती, की काकूंच्या पिवळ्या साडीवरही तिची झाक पडली. विक्रेते घरातून बाहेर आले आणि अंगणातला उजेड थोडा कमी झाला. जुने कबड्डीपटू, दारातून येताना त्यांना किंचित तिरपे व्हावे लागले. ते त्या गाडीत कसे मावत, असा प्रश्न मला पडला आणि तो त्यांनी ओळखला.

"मी हिच्यात बसत नाही हो, मी हिला अंगात घालतो," ते म्हणाले. "आता वजन वाढलं. शिवण उसवायला लागली, म्हणून विकतोय." असे म्हणून त्यांनी काकांशी हस्तांदोलन केले. काकांचा हात मनगटापर्यंत दिसेनासा झाला.

काकांनी तो हात सोडवून घेतला नाही. उलट दुसऱ्या हाताने त्यांचा पंजा उलटा केला, सरळ केला, उजेडाकडे धरला. विक्रेते गोंधळले. त्यांना वाटले, नवा मालक भविष्य सांगतो.

"चार बोटं मिटून दाखवा," काका म्हणाले. त्यांनी दाखवली. काकांनी आपली बोटे शेजारी लावली, कमी पडली म्हणून दुसऱ्या हाताची दोन जोडली, आणि मग अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बाई! ह्यांची चार म्हणजे माझी सहा!"

मी पर्समधून फूटपट्टी काढली आणि गुडघे टेकून गाडीखाली घातली. साडेदहा सेंटिमीटर. काकांच्या बोटांनी बरोबर सहा. सोळा गतिरोधक साडेपाचच्या आत होते. प्रमाणित एकक का वापरावे, हे मी तीस वर्षे फळ्यावर खडूने लिहीत आले. इतके ठसठशीत उदाहरण मला नोकरीत एकदाही मिळाले नव्हते.

"पण सोसायटीचा सात बोटांचा आहे," मी आठवण करून दिली.

"तो घराजवळ आहे," काका म्हणाले. त्यांचे डोळे गाडीवर होते. मग ते थांबले, सर्जेरावाकडे पाहिले, ट्रककडे पाहिले, आणि शेवटी काकूंकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघता?" काकू म्हणाल्या. "सहा आहेत ना? दिवस आहे ना? मग बसा!"

"आणि मी काय करू?" सर्जेराव उठून उभा राहिला. "मावशी, मी गाडी घरी पोचवायचा शब्द दिलाय. रिकामा ट्रक नेऊन मालकाला काय सांगू?"

"मग मागून ये. पोचली का नाही बघ," काकू म्हणाल्या आणि ट्रकच्या पायऱ्या चढू लागल्या. गाडीत त्या बसणार नव्हत्या; इतक्या खाली बसले तर गुडघे पुन्हा उठू देणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे शेजारची जागा माझ्याकडे आली.

वाचकहो, त्या गाडीत मनुष्य बसत नाही, आडवा होतो. काचेतून मला पुढच्या वाहनांची चाके दिसत होती, वर पाहिले तर बसचे बूड. काकांनी गाडी सुरू केली, तिने असा आवाज काढला की विक्रेत्यांच्या अंगणातल्या कोंबड्या उडाल्या, आणि आम्ही निघालो. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ काही झाले नाही, म्हणून उघडले. काटा पन्नासवर होता.

आम्ही अगदी डावीकडून चाललो होतो. आम्हाला एका एसटीने मागे टाकले. पाण्याच्या टँकरने मागे टाकले. गाद्या वाहून नेणाऱ्या टेम्पोने मागे टाकले आणि जाताना वरच्या गादीवर निजलेला माणूस उठून बसून आमच्याकडे पाहत राहिला. लग्नाच्या एका बसमधल्या वऱ्हाडाने तर टाळ्या वाजवल्या. मागे सर्जेराव होताच. तो मधूनमधून भोंगा वाजवी. रिकाम्या ट्रकने शर्यतीच्या गाडीला 'चला लवकर' म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी.

"काका, काही अडचण आहे का? दिसतंय ना नीट?"

"लख्ख दिसतंय."

"मग वेग का वाढवत नाही?"

त्यांनी घाटातल्या एका वळणावर गाडी अशी अलगद वळवली, की माझ्या मांडीवरची वही हललीही नाही. "लवकर पोचलो तर संपेल ना, बाई," ते म्हणाले.

अंतर भागिले वेग बरोबर वेळ, हे सूत्र मी हजारो मुलांकडून पाठ करून घेतले आहे. त्या सूत्राचा असा उपयोग करून घेणारा मनुष्य मला तोपर्यंत भेटला नव्हता. काकांचे दोन्ही हात चाकावर होते, आणि चिंचवडपासून शीळफाट्यापर्यंत त्यांनी कशाचीही लांबी, रुंदी वा उंची सांगितली नाही.

शीळफाट्याला चहासाठी थांबलो. ट्रकच्या केबिनमधून काकू उतरल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "बाई, आता तुम्ही वर जा. ह्यापुढे मी बसते."

"काकू, गुडघे?"

"बसायचं काम माझं. उठवायला अख्खी इमारत आहे."

म्हणून उरलेला प्रवास मी ट्रकमधून केला, आणि म्हणूनच दोन्ही पद्धतींची तुलना करण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असे मी मानते. वरून ती गाडी टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली निसटून रस्त्यावर पडावी तशी दिसत होती. गतिरोधक आला की काका गाडी तिरपी करत. याचे कारण सोपे आहे: सरळ गेल्यास पुढची दोन्ही चाके एकदम उतरतात आणि पोट टेकण्याचा संभव असतो, तिरपे गेल्यास एक एक चाक चढते, एक एक उतरते. तत्त्व चांगले आहे. फक्त ते अमलात आणताना दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते.

"ओ काका! रस्त्यावरून चाललात की रस्त्याखालून?" एका रिक्षावाल्याने विचारले.

"तू आधी मागे घे रे रिक्षा!" काकूंचा हात खिडकीतून बाहेर आला. "दिसत नाही, चाक चढतंय?"

"घेतो ना मावशी, ओरडता काय? काका, अजून तिरपी... अजून... अरे थांबव रे तो टेम्पो, काकांचं चाक चढतंय! हां! आता सोडा!"

सहाव्या गतिरोधकापाशी तर त्या फांदीवाल्या बाई पुन्हा खिडकीत होत्या. त्यांनी वरून सूचना दिल्या आणि त्या सर्वांत उपयोगी ठरल्या, कारण त्यांच्याकडून चारही चाके दिसत होती. सोळा गतिरोधक झाले. गाडीचे पोट एकदाही टेकले नाही. सर्जेरावाने स्टिअरिंगवर हात मारून, "मानलं काकांना!" असे म्हटले आणि मला अर्धा समोसा दिला.

सतरावा राहिला. फाटकात अख्खी इमारत जमली होती. गाडी सात बोटांच्या गतिरोधकापुढे थांबली. प्रथम वजन कमी करावे म्हणून काकूंना उतरवण्याचे ठरले, चौघींनी ओढले, काकू आतून "एकेक हात धरा, चारी दिशांना नको!" असे सांगत राहिल्या आणि अखेर बाहेर आल्या. गाडी अर्धे बोट वर उचलली गेली. तरी अर्धे बोट कमी पडत होते. कोणी म्हणाले, पाट टाका. कोणी म्हणाले, गतिरोधक फोडा. फोडण्याला काकांनी साफ नकार दिला. ठराव सोसायटीचा होता आणि खाली सही त्यांची होती. तेव्हा सर्जेराव कोणालाही न विचारता खाली उतरला, ट्रकच्या त्या दोन लोखंडी पट्ट्या ओढत आणल्या आणि गतिरोधकावर पुलासारख्या टाकल्या. गाडी त्यांच्यावरून आत गेली. "झाली पोच," तो म्हणाला. "शब्द दिला होता."

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे: गाडी चालवत आणावी, आणि ट्रक मागे असू द्यावा.

मार्चअखेरीपर्यंत काका रोज दुपारी काकूंना शेजारी बसवून गाडी आमच्या आवारात तीनदा फिरवत. परवाना संपला त्या दिवशी त्यांनी किल्ली काकूंच्या हाती दिली आणि पुन्हा मागितली नाही. पुढच्या वर्षी शहाडच्या एका गृहस्थांनी गाडी घेतली. त्यांनी फोनवर उंची विचारली तेव्हा मी तिथेच बसले होते. काकांचा हात सवयीने वर आला, बोटे मिटली, आणि मग ती त्यांनी मांडीवर ठेवून दिली. "साडेदहा सेंटिमीटर," ते म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे न पाहता पुटपुटले, "हसू नका, बाई." मी हसले नव्हते.

त्यानंतर ती दोघे लेकीकडे बाळकुमला राहायला गेली. मी महिन्यातून एकदा जात असे. काकांची नजर कडांकडून आत आत येत गेली होती. समोर ठेवलेला कप दिसे, शेजारच्या बशीतला लाडू दिसत नसे. तो काकू हाती देत. काकांचा माझ्याकडे प्रत्येक वेळी एकच प्रश्न असे. ते गाडीच्या आत होते, काकू शेजारी. शीळफाट्यापासून पुढे गाडी बाहेरून पाहिली ती मी.

"वरून कशी दिसत होती, बाई?"

मी सांगत असे. लाल टप, तिरपी वळणे, काकूंचा हात, रिक्षावाले. ते डोळे मिटून ऐकत. एकदा मात्र सगळे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "वेगात दिसत होती का?"

शीळफाट्यापासून डोंबिवलीपर्यंत आम्हाला दीड तास लागला होता. मधे एक सायकलवाला आमच्या पुढे निघून गेला होता. आयुष्यात एकाही विद्यार्थ्याला मी त्याने न मिळवलेला गुण दिलेला नाही. मी विचार केला. मग मला आठवले, की वाटेत एका चौकात काका पुढे निघून गेले आणि सिग्नल लागून आमचा ट्रक अलीकडे अडकला. ती दोन मिनिटे मी केबिनमधून पाहत होते. वेग नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजतात. आमचा वेग शून्य होता, आणि ती लाल गाडी आमच्यापासून दूर, दूर चालली होती. बघता बघता ती मुठीएवढी झाली, मग दिसेनाशी झाली.

"फार वेगात," मी म्हटले. "आमच्या ट्रकला ती गाठता येत नव्हती."

"असं?" वीतकाका म्हणाले, आणि काकूंकडे तोंड करून, "ऐकलंस?"

त्या पावसाळ्यात काका गेले. मी त्यांना दिलेले उत्तर गणिताच्या दृष्टीने बरोबर होते, अशी माझी खात्री आहे. तरीही कोणाला शंका वाटत असेल, तर त्याने भर दुपारी सिग्नलला थांबलेल्या ट्रकमध्ये बसावे, पुढे निघून गेलेल्या गाडीकडे ती नाहीशी होईपर्यंत पाहावे, आणि माझे उत्तर स्वतः पडताळून घ्यावे, ही विनंती.